घोरणाऱ्या कुत्र्याचा उन्हाळा

माळ्यावरून कूलर खाली काढला की जंबो त्याच्यासमोर येऊन बसतो. अजून गवत बदललेलं नसतं, टाकीत पाणी नसतं, वायरही लावलेली नसते. तरी हा पुढचे पाय फाकवून, पोट फरशीला टेकवून, त्या पत्र्याच्या जाळीकडे बघत राहतो. होळी होऊन गेली की दरवर्षी आमच्या घरात असंच चालतं. मी पाना घेऊन बसतो, माझी बायको सुनंदा जुनं गवत अंगणात झटकते, आणि माझे वडील बाजेवर बसून जंबोच्या तोंडावरच्या घड्या पुसतात. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. एक घडी बोटानं उघडायची, आतला ओलावा मऊ फडक्यानं टिपायचा, मग कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसायची. नाकावरची घडी सगळ्यात खोल. तिथं जंबो डोळे मिटून घेतो.

काल कूलर काढला. नव्या गवतावर पाणी पडलं आणि तो वास घरभर झाला. या वासानं मला जंबोचा आमच्याकडचा पहिला उन्हाळा आठवतो. मधे चार-पाच उन्हाळे गेले, पण ते एकमेकांत मिसळून गेले आहेत. पहिला तसाच वेगळा राहिला.

जंबो बुलडॉग आहे. हे सांगावं लागतं, कारण आमच्या कॉलनीत आजही नवा माणूस दारात थबकतो. चपटं तोंड, लोंबते गाल, बाहेर आलेला खालचा जबडा, पोत्यासारखं अंग आणि आखूड वाकडे पाय. पहिल्या आठवड्यात दूधवाल्यानं विचारलं होतं, "सर, याच्या तोंडावर कुणी दार आपटलं काय?" समोरच्या काकू म्हणाल्या, "रडून राह्यलं का हसून राह्यलं, काही कळतच न्हाई बाई."

तो विकत घेण्याची आमची ऐपतही नव्हती आणि तसा विचारही नव्हता. पलीकडच्या गल्लीत एका कारखान्यातले अधिकारी राहत. माझी मुलगी ऋतुजा त्यांच्याकडे खेळायला जायची. त्यांची दूर बदली झाली, तिकडच्या घरात कुत्रं चालणार नव्हतं. एके दिवशी ते स्वतःच जंबोला घेऊन आले, सोबत त्याची थाळी आणि खाण्याची पिशवी. म्हणाले, "गुरुजी, तुमच्या मुलीशिवाय इथं तो दुसऱ्या कुणाकडे जात नाही." दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, हवा गार होती. त्यांच्या घरी एसी होता आणि आमच्याकडे एक कूलर, ही गोष्ट तेव्हा त्यांच्याही ध्यानात आली नाही, आमच्याही नाही.

दादा तेव्हा नुकतेच आमच्याकडे राहायला आले होते. आई गेल्यावर त्यांनी आष्टीकडचं आमचं गाव सोडलं. उरलेली मेंढरं चुलत भावाच्या कळपात घातली आणि एक पत्र्याची पेटी नि एक घोंगडी घेऊन ते जालन्याला आले. जंबोला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला:

"काम काय करतो ह्यो?"

"काम काही नाही दादा. घरात राहतो."

"राखण?"

"नाही. भुंकतही नाही फारसा."

दादांनी त्याच्या पोटावरून नजर फिरवली. मग म्हणाले, "अन् खातो किती!"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. आमच्या घराण्यात कुत्रं म्हणजे कामावरचा गडी. कळपापुढे एक, मागे एक. लांडग्याचा वास आला की रात्र जागून काढणारी ती उंच, सडपातळ, कान ताठ असलेली कुत्री. आई भाकरी थापायला बसली की पहिली भाकरी कुत्र्याची, मग आमची. खंडोबाचं जनावर म्हणून त्याला कुणी लाथ मारायची नाही. पण उंबऱ्याच्या आत त्यानं यायचं नाही, हेही तितकंच पक्कं. मान त्याचा, जागा बाहेरची. आमचं कुत्रं कधी घरात शिरलेलं मला आठवत नाही आणि कधी उपाशी राहिलेलंही आठवत नाही.

त्याच मेंढरांवर मी शिकलो. घरातला पहिला पदवीधर मी. वसतिगृहात राहायला गेलो तेव्हापासून गावी कळप दर वर्षी थोडा लहान झालेला दिसायचा, आणि मी विचारलं की दादा म्हणायचे, "कळप मोठा असला की चारा पुरत न्हाई." मला नोकरी लागली, बदनापूरच्या शाळेत. सकाळी जालन्याहून रेल्वेनं जायचं, शाळा सुटली की यायचं. गणित शिकवतो मी. कळप का लहान होत गेला, तेवढं गणित मला तेव्हाही येत होतं. ज्या माणसानं जन्मभर जनावरं राखली, त्याच्याजवळ माझ्या घरात राखायला काही उरलं नव्हतं, एवढं मात्र मला दिसत होतं. ते सकाळी लवकर उठायचे आणि मग दिवसभर काय करायचं हे त्यांना कळायचं नाही.

म्हणून दादांनी जंबोला हळूहळू हाताखाली घेतलं तेव्हा मला बरं वाटलं. आधी त्यांनी त्याला अंगणात बांधून पाहिलं. तो दाराकडे तोंड करून असा काही बसला की संध्याकाळी दादाच म्हणाले, "येऊ दे आत. ह्याला बाहेरचं काही येत न्हाई." मग त्यांनी त्याचं पोट बघितलं, दात बघितले आणि मेंढराचे खूर बघावेत तशी नखं बघितली. दोरीनं मान ओढली की तो खोकतो, हे त्यांच्या लक्षात आलं. सुनंदानं ऋतुजाच्या जुन्या दप्तराचे पट्टे काढून छातीवरून जाणारा एक पट्टा शिवला. तोच पट्टा जंबो अजून घालतो. त्यावर अर्धं फुलपाखरू शिल्लक आहे.

एकच गोष्ट दादांना पटत नव्हती: जंबोचं घोरणं. तो जागेपणी खुरखुरायचा आणि झोपला की पीठगिरणी सुरू व्हायची.

"ह्याची छाती भरली," दादा म्हणाले. "मेंढरू असं वाजायला लागलं की समजायचं."

मी त्या साहेबांना फोन केला. ते हसले, म्हणाले, तो तसाच आहे, या जातीचं नाकच आखूड असतं. दादांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी निखाऱ्यावर ओवा टाकून त्याला धुरी दिली. जंबो शिंकत शिंकत खाटेखाली गेला. ऋतुजा ओरडली, "आबा, त्याला सर्दी नाही झालेली! तो तसाच वाजतो!" आबा म्हणजे तिचे आजोबा. ते म्हणाले, "असं कुठं असतंय का पोरी? देवानं जनावराला दम घ्यायलाच कमी जागा ठेवली?"

देवानं नाही, चपट्या तोंडाच्या हौसेपायी ही जात घडवणाऱ्या माणसानं ठेवली, हे मला नंतर समजलं.

मग उन्हाळा आला. आमच्याकडे तो पायऱ्या चढत येत नाही. होळीपर्यंत पहाटे पांघरूण लागतं आणि मग एकाएकी दुपारी रस्ता रिकामा होतो. सकाळची शाळा सुरू झाली. बदनापूरच्या फलाटावर मोसंबीचा रस विकणारा बसू लागला. कॉलनीत गच्च्यांवर कुरडया पडल्या. जंबोनं एकदा जिना चढून काकूंच्या ओल्या कुरडयांची एक ओळच्या ओळ खाल्ली आणि दम लागून तिथंच बसला, त्याला मला उचलून आणावं लागलं. पोरं हसली, मीही हसलो. तो दम फक्त जिन्याचा नव्हता, हे आम्हाला कळायला हवं होतं.

नळाला पाणी आठवडा उलटून येत होतं. ड्रम, टाकी, हंडे, घागरी, सगळं भरून ठेवायचं आणि पुरवायचं. कूलरला दिवसातून दोनदा बादली लागायची. सुनंदा म्हणायची, "कूलर प्यायला, कुत्रं प्यायलं, आता माणसांनी काय करायचं ते सांगा." असं म्हणून तीच जंबोची थाळी भरायची.

त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. सुनंदा नि ऋतुजा शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. घरात दादा आणि जंबो. मी शाळेतून आलो तेव्हा दाराशीच एक चमत्कारिक घरघर ऐकू आली. जंबोची रोजची नव्हे. कोरडी, उंच, आत ओढल्यासारखी.

दादा फरशीवर मांडी घालून बसले होते. समोर जंबो आडवा पडलेला आणि त्याच्या अंगावर, मानेपासून शेपटीपर्यंत, दादांची घोंगडी. पाण्यात भिजवून, पिळून, नीट चारी बाजूंनी खोचलेली. दादा उपरण्यानं त्याच्या तोंडावर वारा घालत होते.

"दम लागलाय त्याला," ते म्हणाले. "घोंगडी भिजवून टाकली. आता व्हईल गार."

त्या घोंगडीबद्दल सांगायला हवं. तिच्या लोकरीचं सूत आईनं कातलेलं होतं. आमच्यात घोंगडीवर पाय देत नाहीत. देवाच्या कार्यात ती घडी घालून बसायला देतात, तीही मानाच्या माणसाला. आणि आमच्या प्रत्येक माणसाची खात्री असते की घोंगडी थंडीत ऊब देते आणि उन्हात गारवा. रानात भर दुपारी दादा ती डोक्यावर घेऊन चालायचे. दादांनी त्या दिवशी घरातली सगळ्यात चांगली वस्तू कुत्र्यावर टाकली होती. मलाही त्यात काही चूक दिसली नाही. उलट मी बादलीतलं उरलेलं पाणी पुन्हा त्या घोंगडीवरच ओतलं.

जंबोची जीभ बाहेर आली होती आणि तिचा रंग जांभळट झाला होता. हाका मारल्या तर डोळा फिरवायचा, मान उचलायचा नाही. मी सुनंदाला हाक मारली. ती पिठाच्या हातानं धावत आली आणि प्यायच्या पाण्याचा माठ उचलून तिनं त्याच्या डोक्यावर रिकामा केला. मग रिक्षा. घोंगडीत गुंडाळलेला जंबो माझ्या मांडीवर, बाजूला दादा. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "बच्चा है क्या, भाऊ?" दादा म्हणाले, "बच्चाच हाय. जल्दी चल."

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी जंबोला टेबलावर बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाल्या ते हे: "ती घोंगडी काढा आधी."

घोंगडी काढली तेव्हा आतून वाफ आल्यासारखा उबारा माझ्या हाताला लागला. पाणी गार होतं ते कधीच तापलं होतं. त्यांनी पंखा त्याच्याकडे फिरवला, पोटावर, मांड्यांत, पंजांवर साधं पाणी सोडलं, सुई दिली, नळी लावली. त्यांचा हात थांबला नाही आणि आवाजही चढला नाही. जंबोची घरघर खाली आली तेव्हा कुठं त्या आमच्याशी बोलल्या.

"घोंगडी कुणी टाकली?"

"म्या," दादा म्हणाले. त्यांच्या हातावर ती ओली घोंगडी होती आणि तिच्यातून फरशीवर पाणी ठिबकत होतं.

"बाबा, ह्याच्या अंगातली गरमी बाहेर जायला पाहिजे. जाड कापड गुंडाळलं की ती आतच कोंडते. कुत्र्याला घाम येत नाही, ते तोंडानं वारा घेऊन गार होतं. बाकीच्यांचं नाक लांब असतं. ह्याला तेवढी जागाच नाही. म्हणून ओलं करायचं आणि वारा लागू द्यायचा. झाकायचं नाही."

पुढे त्या बरंच काही सांगत होत्या. उन्हात काढू नका, वजन कमी करा, झोपताना मान सरळ ठेवा, घड्या कोरड्या ठेवा. मी मान डोलावत होतो. त्यातलं निम्मं माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. दादा मात्र डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत एकेक शब्द ऐकत होते.

जंबो वाचला. संध्याकाळी घरी आला, पाणी प्यायला, पडून राहिला. दादांनी घोंगडी गच्चीवर वाळत घातली, दुसऱ्या दिवशी घडी करून कपाटावर ठेवून दिली आणि त्यानंतर त्यांनी जंबोला हात लावायचं सोडलं.

तो जवळ गेला की ते उठून अंगणात जायचे. घड्या पुसायचं काम ऋतुजाकडे आलं. जेवताना त्यांच्या ताटाकडे बघत तो बसायचा, ते मान वर करत नसत. तीन-चार दिवसांनी ते मला म्हणाले, "त्या सायबाला फोन कर. ह्याला थंड मुलखात कुठं तरी द्यायला सांग."

"दादा, झालं ते झालं. आता काय करायचं ते कळलं आपल्याला."

"जनावर कळतं म्हणून जिंदगी काढली म्या. माझ्या हातून आजवर एक मेंढरू उन्हानं गेलं न्हाई. ह्यो जाईल."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. दुष्काळात कळप घेऊन परक्या मुलखात गेलेल्या माणसाचं ते वाक्य नव्हतंच. मला जंबोपेक्षा त्यांची काळजी वाटली. मी फोन केला. साहेबांचे एक स्नेही नाशिककडे मळ्यात राहत. ते न्यायला तयार झाले. रविवारी गाडी येणार असं ठरलं. ऋतुजा जेवली नाही. सुनंदानं भांडी जरा जोरात घासली.

शनिवारी दुपारी घरात सगळे पडले होते. वीज होती, कूलर चालू होता. मी पेपर तपासत होतो. जंबो कूलरसमोर फरशीवर झोपला होता, गिरणी चालू होती. दादा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, झोपलेत.

एकाएकी घोरणं थांबलं.

मी मान वर केली, त्याआधी दादा उठले होते. त्या वयाचा माणूस इतक्या झटक्यात उठलेला मी पाहिला नाही. त्यांनी जंबोच्या पोटावर हात ठेवला, नाकापुढे बोटं धरली. काही झालं नव्हतं. त्यानं कूस बदलली होती आणि मान छातीखाली मुडपली होती, एवढंच. दादांनी उपरण्याची घडी केली, त्याची हनुवटी उचलून तिच्यावर सरळ ठेवली, जशी डॉक्टरांनी सांगितली होती तशी. क्षणभर काही नाही. मग एक लांब सुस्कारा आणि पुन्हा गिरणी सुरू.

दादा तिथंच फरशीवर बसून राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सायबाला फोन लाव. गाडी नको म्हणावं."

"का?"

"नव्या घरी गेला की तिथलं माणूस पयल्यापासून चुकणार. माझं तर चुकून झालंय."

मी फोन लावला. आतल्या खोलीत ऋतुजा झोपलेली नव्हती हे लगेच कळलं, कारण ती पळत येऊन आबांच्या पाठीवर पडली. आबा म्हणाले, "हळू. त्याला उठवशील."

मी या गोष्टीचा पुष्कळदा विचार केला आहे. शिकलो म्हणून मला चुकायची एवढी भीती वाटायची. परीक्षेत चूक म्हणजे गुण गेले. शाळेत आजही मी तांबड्या शाईनं तेच शिकवतो. दादांनी आपली चूक टाकून दिली नाही, जवळ ठेवली आणि तिचा उपयोग केला. मला शिकवायला त्यांनी कळप दिला, हे ऋण मोठंच. पण त्या दुपारी त्यांनी दिलं ते मला वर्गात रोज लागतं.

बुलडॉग असावा का आपल्या मुलखात, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणतो. हौस म्हणून तर बिलकुल नाही. ज्या जनावराला श्वास घ्यायला मेहनत पडते, त्याला जालन्याच्या वैशाखात आणणं बरोबर नव्हे. पण घरात आलेल्या जिवाला हे सांगून उपयोग नसतो. त्याचं करायचं असतं. आमचं आता ठरून गेलंय: फिरणं झुंजूमुंजूला, ऊन तापायच्या आत घरात, खाणं मापात, दुपारी दार बंद, कूलरची पहिली बादली कुणी भरायची यावर वाद नाही. वीज गेली तर ओला हात पोटावर, आणि पुठ्ठ्यानं वारा. झाकायचं नाही.

घोंगडी त्याच उन्हाळ्यात कपाटावरून खाली आली. दादा ती कोरडीच फरशीवर अंथरतात आणि दुपारी तिच्यावर आडवे होतात. जंबो शेजारी उघड्या फरशीवर, कारण त्याला गार लागतं तेच आवडतं. फक्त हनुवटी घोंगडीच्या दुमडलेल्या काठावर. आईनं कातलेल्या सुतावर त्याची लाळ सांडते. दादा ती पुसतात आणि म्हणतात, "लोकर हाय, धुतली की निघतंय."

जंबो आता म्हातारा झालाय. तोंड पांढरं पडलं, मागचे पाय अवघडतात. डॉक्टर म्हणाल्या, या जातीला आयुष्य थोडंच, जेवढं सुखानं जाईल तेवढं बघा. दादांनाही ऐकू कमी येतं. दाराची बेल ऐकू येत नाही, फोन वाजलेला कळत नाही. सुनंदा जेवायला दोनदा हाक मारते. पण दुपारी घोरण्याचा सूर जरा बदलला की त्यांचा हात आपोआप त्या पोटावर जातो. कानानं ऐकतात की फरशीतून, मला माहीत नाही.

काल कूलर लावून झाल्यावर गावाकडून दादांचा भाचा आला. बाजाराला आलेला, ऊन कलेपर्यंत बसायला आला होता. जंबोला त्यानं पहिल्यांदाच बघितलं. दादा घोंगडीवर लवंडलेले, जंबो काठावर हनुवटी टेकून झोपलेला, गिरणी चालू. भाचा पाणी प्यायला आणि जंबोकडे बोट करून मोठ्यानं, मामाला ऐकू जावं म्हणून, विचारलं:

"मामा, ह्यो काम काय करतो?"

दादांनी डोळे न उघडता एक बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "कामावर हाय."